तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएतनामी टीव्हीची सुरुवात कुठून करायची?

व्हिएतनामी शिकणारे आणि कामासाठी तिकडे जाणारे हमखास विचारतात: टीव्ही सगळा सरकारी, मग एका चॅनलवर कळणारी भाषा दुसऱ्यावर परकी का वाटते? आणि नेमकं बघायचं काय?

मुळात व्हिएतनाममध्ये टीव्ही दोनदा सुरू झाला, एकमेकांशी लढणाऱ्या दोन राजवटींत. दक्षिणेत ७ फेब्रुवारी १९६६ ला, तोही आकाशातून. अमेरिकी नौदलाची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं संध्याकाळी आकाशात घिरट्या घालत आणि कार्यक्रम विमानातूनच प्रक्षेपित होत. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून त्या जेमतेम ४० किलोमीटर पोचतात, तर १० हजार फुटांवरून सव्वादोनशेच्या आसपास. मनोरे उभारण्यात वेळ जात नाही आणि ते उडवले जाण्याची भीतीही नाही. चॅनल ९ वर व्हिएतनामी आणि ११ वर अमेरिकी सैनिकांसाठी इंग्रजी, अशी वाटणी होती. अर्थात विमान उतरलं की टीव्ही बंद, म्हणून सायगावात (आजच्या हो ची मिन्ह सिटीत) जमिनीवरचं केंद्र लवकरच उभं राहिलं. तिथून प्रेक्षकांच्या घरी पोचलं ते ‘काय लुओंग’ नावाचं, आपल्या संगीत नाटकाच्या जातकुळीतलं दक्षिणी नाट्य.

उत्तरेत, हनोईत चाचणी प्रक्षेपण ७ सप्टेंबर १९७० ला झालं, सरकारी रेडिओच्या छत्राखाली. टीव्हीचं चित्र आडव्या रेषांनी बनतं; दक्षिणेकडे ते अमेरिकी पद्धतीचं, ५२५ रेषांचं, उत्तरेकडे ६२५ रेषांचं. १९७५ नंतर देश एक झाला, यंत्रणाही हळूहळू एक झाल्या, पण आवाज एक झाले नाहीत, आणि ते फार बरं झालं.

राष्ट्रीय वाहिनी व्हीटीव्हीच्या बातम्यांवर हनोईच्या बोलीची छाप आहे, हो ची मिन्ह सिटीच्या एचटीव्हीवर दक्षिणेची. तोच पारंपरिक पोशाख उत्तरेत ‘आओ झाय’ तर दक्षिणेत ‘आओ याय’ ऐकू येतो. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि अशा सहा सुरांपैकी दोन दक्षिणेत एकमेकांत मिसळतात. नवख्याची गल्लत होते ती इथेच.

परदेशी मालिकांचीही दोन वळणं आहेत. एकात मूळ आवाज पुसत नाहीत, फक्त खाली करतात आणि त्यावर एकच वाचक नायक, नायिका, सासू, पोलीस अशा सगळ्यांची वाक्यं वाचतो. हे स्वस्त आणि झटपट होतं; पण दोन पात्रं कडाडून भांडायला लागली की कोण काय म्हणालं ते कळत नाही, आणि मूळ आवाज जरा वर राहिला तरी वाचन बुडतं. दुसऱ्या वळणात प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार मिळतो. दक्षिणेत हे डबिंग चांगलं रुजलेलं आहे. दोन्हींत भाषांतरकाराची खरी परीक्षा नात्यांची असते. व्हिएतनामीत साध्या ‘मी’ आणि ‘तू’च्या जागी बहुधा दादा, ताई, काका असे शब्द येतात. दोघांत मोठं कोण हे पहिल्याच भागात चुकलं, तर पुढची सगळी संबोधनं चुकत जातात. २०१४ च्या सुमाराला तिकडे गाजलेली आपली ‘बालिका वधू’ आठवा: एकत्र कुटुंब, तीन पिढ्या आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी वेगळं नातं!

शिकणाऱ्याने एका वाचकाच्या मालिका टाळाव्यात. खालची परभाषा कानात घुसत राहते. आधी महिनाभर व्हीटीव्ही१ च्या संध्याकाळी सातच्या बातम्या ऐका. भारतात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. मग दक्षिणेतल्या विन्ह लाँगच्या चॅनलवरच्या कौटुंबिक मालिका घ्या. व्हीटीव्ही५ हा २००२ पासूनचा अल्पसंख्याकांच्या भाषांचा चॅनल. त्यावर ख्मेर, ह्मोंग, चाम अशा भाषा ऐकू येतात, तेव्हा ‘ही कुठली व्हिएतनामी?’ म्हणून गोंधळू नका.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, निर्वासितांनी उभारलेल्या वाहिन्यांचं जग वेगळंच आहे. बोली बहुतेक दक्षिणी आणि राजकीय भूमिका हनोईच्या उलट. त्यांचे शब्दही बरेचदा १९७५ पूर्वीचे असतात. ऑस्ट्रेलियात एसबीएस या तिथल्या बहुभाषिक सार्वजनिक वाहिनीने २००३ मध्ये व्हीटीव्ही४ च्या, म्हणजे परदेशस्थ व्हिएतनामींसाठीच्या सरकारी चॅनलच्या, बातम्या दाखवायला घेतल्या, तेव्हा तिथले निर्वासित व्हिएतनामी निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि ते प्रसारण थांबवावं लागलं.

तिकडे राहायलाच गेलात, तर अॅनालॉग प्रक्षेपण २०२० अखेर संपलंय हे लक्षात ठेवा. डीव्हीबी-टी२ (अँटेनावरून डिजिटल चॅनल पकडणारा) ट्यूनर असलेला टीव्ही आणि यूएचएफ अँटेना पुरतो. चॅनल गायब दिसले तर अँटेनाचं तोंड मनोऱ्याकडे करून पुन्हा स्कॅन करा. जुन्या यादीतले व्हीटीसी या दुसऱ्या सरकारी समूहाचे चॅनल मात्र शोधू नका; ते १५ जानेवारी २०२५ ला बंद झाले.