सम्राटाचं नाव घ्यायचं नाही

शाळेत दुसऱ्या पुलकेशीच्या धड्यात एक चिनी प्रवासी भेटायचा. एका पुस्तकात तो ह्युएन त्संग, दुसऱ्यात युआन श्वांग. साहेबाने स्पेलिंगचा घोळ घातला असणार, असं समजून आपण पेपर लिहून मोकळे झालो. तैपेईत येऊन चिनी विचारांच्या इतिहासावर काम करू लागलं की कळतं, या युआनचं मूळ एका सम्राटाच्या नावात आहे.

भिक्षूचं खरं नाव श्वानत्सांग. श्वान म्हणजे गडद, गूढ. १६६१ साली गादीवर आलेल्या कांगशी सम्राटाचं जन्मनाव श्वान-ये, आणि सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायचं नाही हा दंडक. म्हणून श्वानच्या जागी युआन, म्हणजे मूळ, आदि, लिहायला लागले. हजार वर्षांपूर्वी मेलेला भिक्षूसुद्धा त्यातून सुटला नाही. बीजिंगच्या राजवाड्याचा उत्तर दरवाजाही श्वानवूचा शनवू झाला. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना निदान उखाण्याची सोय होती!

या प्रकाराला बीहुई म्हणतात. अक्षर टाळायच्या मुख्य रीती तीन: दुसरं अक्षर घालायचं, जागा कोरी सोडायची, किंवा अक्षराची शेवटची रेघ गाळायची. श्वान पाच रेघांचं अक्षर, शेवटची रेघ म्हणजे खाली उजवीकडचा तिरका ठिपका. जुन्या छापील पानावर तो नसला तर डोळ्याला काही खटकत नाही. संगणकाला मात्र ते वेगळंच अक्षर वाटतं, कारण ठिपका गाळलेल्या रूपाला स्वतंत्र कोड आहे. त्यामुळे शोधखिडकीत नुसतं श्वान टाकून ‘या ग्रंथात ही संकल्पना नाही’ असं लिहिलं की मार्गदर्शक शांतपणे विचारतात, ‘कोणती प्रत पाहिली?’ तिथे प्रकरण संपतं. शोध तिन्ही रूपांचा घ्यायचा, श्वान, ठिपका गाळलेला श्वान आणि युआन. मग टंकलेल्या मजकुरावर न थांबता पानाचं छायाचित्र उघडून बघायचं. संदर्भ देताना आवृत्ती, खंड, पान आणि बाजू लिहायची. जुनं पान मधोमध दुमडलेलं असतं, दोन्ही बाजूंना मिळून क्रमांक एकच, म्हणून बाजू विसरली की वाचणारा चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

हे नुसतं कारकुनी काम नाही. लाओत्स या ताओवादाच्या मूळ ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ‘श्वानहूनही श्वान’ असं येतं, आणि छिंग, म्हणजे कांगशीच्या घराण्याच्या, काळातल्या कितीतरी प्रतींत त्याचं ‘युआनहूनही युआन’ झालेलं आहे. गूढाचं आदितत्त्व झालं! त्यावर विश्वोत्पत्तीचा सिद्धांत उभारला, तर तो लाओत्सवर नाही, कांगशीच्या बारशावर उभा राहतो.

पण हाच दंडक उपयोगीही पडतो. १९७३ मध्ये चांगशाजवळ मावांगत्वीच्या थडग्यात लाओत्सच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती निघाल्या. थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं. पहिल्या प्रतीत राज्याला बांग म्हटलंय. हान घराण्याच्या संस्थापकाचं नाव ल्यू बांग, आणि दुसऱ्या प्रतीत बांगच्या जागी त्याच अर्थाचं ग्वो आहे. म्हणजे पहिली बहुधा आधीची, दुसरी त्याच्या राज्यारोहणानंतरची. दोन्हींत ‘नित्य’साठी हंग आहे, आपल्या छापील प्रतींत छांग. कारण पुढे गादीवर आलेला हान सम्राट वन, त्याचं नाव ल्यू हंग. तेव्हा दुसरी प्रतही त्याच्या आधीची असावी. कुठेही तारीख लिहिलेली नसताना दोन अक्षरांवरून काळ एवढा आवळता येतो. अर्थात लेखनिक विसरायचे, आणि जुन्या प्रतीची नक्कल करणारा गाळलेली रेघही इमानाने गाळायचा, म्हणून एका अक्षरावर भिस्त ठेवायची नाही.

इथले लोक या शिस्तीचा अभिमान बाळगतात तेव्हा जरा डिवचल्यासारखं होतं. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद जुळवले, तेही सम्राटांच्या नावांची आयती मदत नसताना. हे सांगायला मजा येते. मात्र आपल्या पोथ्यांच्या तारखा ठरवताना शतकभर इकडेतिकडे होतं, ते आपण तेवढ्या आवाजात सांगत नाही.

‘संस्कृत सोडून चिनी कशाला?’ हा प्रश्न पुण्याहून येतोच. पालीचे अभ्यासक पु. वि. बापटांनी १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या पाली परंपरेतल्या दोन बौद्ध ग्रंथांची तुलना छापली, तेव्हा त्यातला पहिला ग्रंथ अख्खा मिळत होता तो फक्त चिनी अनुवादात. पाली वाचायलाच त्यांना चिनी लागलं.

कुणी येणार असेल तर एक करा. चेन युआन यांनी १९२८ मध्ये लिहिलेलं बीहुईच्या उदाहरणांचं पुस्तक पहिल्या सत्रातच संपवा, आणि हान, थांग, सुंग, छिंग या घराण्यांच्या सम्राटांची नावं एका कागदावर लिहून टेबलावर चिकटवा. पेन्सिलने लिहा. दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत पेन नेऊ देत नाहीत, आणि तो कागद तिथेही लागतो.