डाकारमधला नाचाचा वर्ग

घरून फोन आला की हमखास विचारतात, "तो आफ्रिकन डान्स अजून शिकतेस का?" शिकते, इथे सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, आणि मनापासून शिकते. पण आफ्रिका एवढी मोठी, तिथे नाच एकच कसा असेल? एकट्या सेनेगलमध्ये वोलोफ लोकांचा साबार वेगळा आणि दक्षिणेला कासामांसमधल्या जोला लोकांचे नाच वेगळे. ढोल वेगळे, पाऊल टाकायची तऱ्हाही वेगळी.

साबार हे ढोलाचंही नाव आणि नाचाचंही. बकरीचं कातडं ताणलेला हा ढोल एका हातात बारीक काठी घेऊन, दुसऱ्या उघड्या हाताने वाजवतात. बायका रिंगण करून उभ्या राहतात. त्यातली एक पुढे येते, गुडघे उचलून, हात मोकळे फेकत काही क्षण नाचते आणि परत जागेवर जाते. तेवढा वेळ वादकाची नजर तिच्या पायांवरून हलत नाही. तिची उडी जिथे पडेल तिथे त्याची थाप पडलीच पाहिजे. वादक बोल आधी तोंडाने म्हणून दाखवतात. पुण्यात कथक शिकताना पढंत केलेली असल्यामुळे मला ही पद्धत फार जवळची वाटली.

हे सगळं वर्गात शिकवता येईल असं बांधण्यात नर्तकी जर्मेन अकोनी यांचा वाटा फार मोठा आहे. जन्म बेनिनमधला, वाढल्या सेनेगलमध्ये. सेनेगलचे तेव्हाचे अध्यक्ष सेंघोर आणि नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार यांच्या पुढाकाराने 1977 मध्ये डाकारला 'मुद्रा आफ्रिक' ही नृत्यशाळा निघाली, तिच्या संचालक त्याच होत्या. ती बंद पडल्यानंतर काही वर्षांनी त्यांनी पती हेल्मुट फोग्ट यांच्यासोबत तुबाब जालाव या समुद्रकाठच्या गावी 'एकोल दे साब्ल' उभी केली. तिथल्या मोठ्या दालनात जमिनीवर चक्क वाळू आहे. 2021 मध्ये इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या कलामहोत्सवाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार दिला. त्यांच्या पद्धतीत पाठीचा कणा म्हणजे जीवनाचा सर्प, छाती सूर्य आणि नितंब चंद्र. आमच्या बाई त्याच वाटेने शिकवतात. पाठीवर तळहात ठेवून हालचाल कमरेतून मानेपर्यंत मणका-मणका चढते की नाही ते बघतात. मध्येच तुटली, तर ढोल थांबवून पुन्हा पहिल्यापासून.

मला सगळ्यात आवडतो तो रचनेचा तास. बाईंनी एकदा प्रत्येकाला आपल्याकडचं एखादं काम करून दाखवायला सांगितलं. कासामांसच्या मुलाने लांब दांड्याच्या कुदळीने भातखाचराचा चिखल उलटून दाखवला. मी कोकणातली भातलावणी केली. दोघांचंही पीक भात! बाई म्हणाल्या, "आता कुदळ नको, रोप नको. अंगावर भार कुठे येतो तेवढाच ठेवा." मग नुसतं वाकणं उरलं, माकडहाडापाशी येणारी ती ओढ उरली, आणि ती कथकच्या कुठल्याही हस्तमुद्रेत मला कधी सापडली नव्हती. अभिनय म्हणजे चेहरा आणि हात, असं धरून चालणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा तास एकदा तरी करावा, असं मला कळकळीने वाटतं.

त्यातूनच आम्हा दोघांची रचना तयार होते आहे. तो पुढे सरकत चिखल उलटतो, मी मागे सरकत लावते, आणि मध्ये एकदा आमच्या पाठी एकमेकींना टेकतात. तिथे ढोल वाजावा की थांबावा, यावर आमचं आणि वादकाचं अजून एकमत झालेलं नाही. मी थांबावा म्हणते.