टेबलावरचा उजेड

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाले तेव्हा वाटलं होतं, उजेड मोजणारा लक्समीटर घेऊन फिरायचं आणि तक्ते भरायचे. अकरा वर्षं आर्किटेक्चरच्या मुलांना बिल्डिंग सर्व्हिसेस शिकवत होते. वर्गात 300 लक्स, हे त्यांच्याकडून घोकून घेणारी मीच. पीएचडीचा विषयही घरापासून दहा मिनिटांवरचा, पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका. एमपीएससीची मुलं सकाळी सातला प्लायवूडच्या खणात शिरतात ती रात्री अकराला बाहेर पडतात. तिथल्या उजेडाचा त्यांच्या झोपेवर काय परिणाम होतो, एवढाच माझा प्रश्न.

आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, पहिल्या बैठकीत एक सर म्हणाले, "यात आर्किटेक्चर कुठे आहे?" दुसऱ्यांच्या मते झोप हा डॉक्टरांचा विषय. माझ्या गाइड तिथे गप्प बसल्या. बाहेर जिन्यात मात्र म्हणाल्या, "अगं, तू टेबल मोजतेयस. टेबल झोपतं का?"

त्या एका वाक्याने माझं वर्षभराचं टेबलावरचं मोजमाप बाद झालं. 2002 मध्ये दाखवून दिलं गेलं होतं की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या पाहण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचं काम करतात. त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि लक्स हे माप तर 555 च्या पिवळ्या-हिरव्याभोवती बेतलेलं. म्हणजे मीटर चुकीचा, आणि तो आडवा ठेवणारी मीही चुकीची. बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी, जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर, तो उभा धरायला हवा होता. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचं 2018 चं मानक वाचून मी पुन्हा त्याच खणात गेले. टेबलावर 340 लक्स, डोळ्याशी 90. माथ्यावर ट्यूब, समोर काळपट प्लाय. दुसरं काय होणार? तज्ज्ञांची 2022 ची शिफारस दिवसा डोळ्याशी किमान 250 मेलॅनॉपिक लक्सची (म्हणजे त्या पेशींच्या हिशेबाने मोजलेल्या उजेडाची) आहे, झोपण्याआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त 10 ची. इथे दिवस अंधारा आणि रात्र उजळ.

एथिक्स कमिटीने संमतीपत्र तीनदा परत पाठवलं. तेव्हा चिडले होते, पण तिसरा मसुदा खरंच मुलांना कळेल अशा मराठीत उतरला. वर्णपट मोजणारं यंत्र आमच्या कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं. ते दुसऱ्या संस्थेकडून शनिवार-रविवारपुरतं मिळायचं, सोमवारी सकाळी रिक्षातून मांडीवर घेऊन परत.

सगळ्यात मोठा फटका थंडीने दिला. मुलांच्या मनगटावर उजेड नोंदवणारी यंत्रं बांधली होती. डिसेंबरचा डेटा उघडला तर सगळीकडे काळोख. दोन दिवस दिव्यांना दोष देत बसले. मग एका मुलाने हात पुढे केला, "मॅडम, स्वेटर." बाही खाली आलेली. महिनाभराच्या नोंदी गेल्या. पुढच्या वेळी यंत्र कॉलरला लावलं.

आणि तेव्हा आलेखावर टोकदार सुळके दिसले. दिवसातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटांचे, काही हजार लक्सचे. दिवे बदलून असे सुळके कुठून येणार? मुलांच्या डायऱ्या पाहिल्या, प्रत्येक सुळक्यासमोर एकच शब्द: चहा. टपरीवर आकाशाखाली उभं राहणं, हाच त्यांचा दिवसातला खरा उजेड. प्रबंधात हे "बाह्य प्रकाश-संपर्क" झालं. नाइलाज. व्हायव्हात परीक्षकांनी अर्धा वेळ टपरीवरच घालवला.

प्रबंध जमा केल्यावर अभ्यासिकेच्या काकांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, आता कुठले दिवे आणू? म्हटलं, दिवे राहू द्या, खिडक्यांना चिकटवलेले पेपर तेवढे काढा. काकांनी पेढा तोंडात टाकला, खिडकीकडे पाहिलं.

"काढले असते हो. पण मग मुलं बाहेरच बघत बसतात."