मतांची चाळिशी

चाळिशी लागलेल्या माणसाला लांबचं सगळं ठणठणीत दिसतं. समोरून येणाऱ्या बसची पाटी तो बिनचूक वाचतो. अडचण फक्त हातातल्या पेपरची. आधी तो पेपर लांब धरतो, मग हात पुरेनासा झाला की हल्ली छपाई किती वाईट झालीय म्हणून कुरकुरतो. सिनेमा बघताना आपल्या राजकीय मतांनाही हीच चाळिशी लागलेली असते. विरुद्ध गोटातल्या सिनेमाचा प्रचार ट्रेलरच्या दुसऱ्याच मिनिटाला ओळखू येतो. आपल्या गोटातला सिनेमा मात्र प्रचारकी कधीच नसतो. तो धाडसी असतो, वास्तव असतो, फार तर 'थोडा लांबलाय'.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे मतं बाहेर ठेवून सिनेमा बघा. जणू मत म्हणजे देवळाबाहेर काढून ठेवायची चप्पल. ते जमत नाही, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाने ते जमवलं असतं तर निम्मी मजाच गेली असती. 1921 सालचा 'भक्त विदुर' घ्या. मूकपट, कथा महाभारतातली, पण विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी. कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली. प्रेक्षकाला त्यात काय दिसणार, हे साहेबाला प्रेक्षकाइतकंच कळत होतं. 1935 साली 'प्रभात'ने एकनाथांवर बोलपट काढला, एकनाथ झाले बालगंधर्व आणि नाव ठेवलं 'महात्मा'. सेन्सॉरला त्या शब्दात पैठणऐवजी साबरमती दिसली. चित्रपट आला तो 'धर्मात्मा' होऊन.

सगळ्यात खुमासदार प्रकार 1943 च्या 'किस्मत'चा. कवी प्रदीप यांच्या 'दूर हटो ऐ दुनियावालों' या गाण्यात कोणापुढे झुकू नका, तर जर्मन आणि जपान्यांपुढे, असं स्वच्छ म्हटलंय. महायुद्ध चालू होतं, सरकारला हरकत घ्यायचं कारण नव्हतं. थिएटरात बसलेल्या माणसाने मात्र 'दूर हटो' कोणाला म्हणायचं ते आपल्या पदरचं भरलं. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून जास्त चालला. गाण्यातला पत्ता एक आणि पत्र पोचलं भलतीकडे. चष्मा लावून सिनेमा बघण्याचं याहून सुंदर उदाहरण मिळणार नाही.

तेव्हा चष्मा असू द्यावा. फक्त तो कुठल्या अंतराचा आहे हे माहीत हवं.

लांबचं किती स्वच्छ दिसू शकतं याचा पुरावा बघायचा तर थेट हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सकडे जावं लागतं. रशियन दिग्दर्शक आयझेनश्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' 1925 चा, विषय 1905 चं खलाशांचं बंड, बाजू उघड बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्टांची. 1933 साली मंत्री झाल्या झाल्या गोबेल्सने जर्मन सिनेमावाल्यांसमोर याच चित्रपटाची तारीफ केली. ज्याचं मत पक्कं नाही असा माणूस हे बघून बोल्शेविक होईल, अशा अर्थाचं तो बोलला. शत्रूच्या सिनेमाचं बलस्थान त्याने अचूक हेरलं होतं. आणि जवळचं? पोटेमकिनवर प्रेम करणाऱ्यांनी ओडेसाच्या पायऱ्यांवरचा तो प्रसंग, उतरत येणारे बूट, घरंगळत जाणारी बाबागाडी, हे सगळं इतिहास म्हणून पोटाशी धरलं. त्या पायऱ्यांवर तशी कत्तल झालेली नव्हती. ओडेसात माणसं मारली गेली हे खरं, पण पायऱ्या दिग्दर्शकाच्या. आपल्या बाजूच्या चित्रपटाला 'हे असंच घडलं का हो?' असं विचारायचं सहसा कोणाला सुचत नाही.

हे होतं कसं, याचा धडा पोटेमकिनच्याच देशात, रशियात, दिला गेला होता. कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा तीन वेळा जोडला: एकदा सुपाच्या बशीशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा सुंदर बाईशेजारी. बघणारे म्हणाले, काय भूक दाखवलीय, काय दुःख, काय अभिलाषा! नटाने काहीच केलं नव्हतं. राजकीय प्रेक्षकाच्या बाबतीत सुपाची बशी घरूनच आलेली असते. पडद्यावर नुसता एक शेंदरी झेंडा, निळा झेंडा, लाल बावटा किंवा गोल टोपी येऊ द्या, जोडकाम आपण मनातल्या मनात करून टाकतो.

त्यावर इलाज म्हणजे मोजणी. रसग्रहणाच्या वर्गात शिकवतात त्यातल्या दोन-चार गोष्टी घरच्या घरी करता येतात. वही, पेन्सिल, घड्याळ पुरे. पहिली गोष्ट, आवाज बंद करून दहा मिनिटं बघणं. प्रसंग असा निवडायचा की जिथे आपलं रक्त उसळलं होतं. पार्श्वसंगीत काढून घेतलं की बरेचदा उरतो तो हळू चालणारा एक माणूस आणि त्याच्या मागे उडणारी धूळ. उसळलेलं रक्त व्हायोलिनचं होतं की प्रसंगाचं, ते तिथेच कळतं. दुसरी, चेहरे मोजणं. मरणाऱ्यांपैकी कोणाचे डोळे जवळून दाखवलेत आणि कोण नुसते लांबून पडतात? कोणाला नाव आहे, कोणाला नुसता जमाव केलंय? कोणाच्या घरात कॅमेरा शिरला, चुलीपर्यंत गेला? ज्यांचं स्वयंपाकघर दिसतं त्यांना प्रेक्षक माफ करतो, हा सिनेमाचा फार जुना कायदा आहे. विरुद्ध बाजूची माणसं चित्रपटभर एकदाही जेवताना दिसली नाहीत, तर समजावं की दिग्दर्शकाला त्यांची ओळख करून द्यायचीच नव्हती.

तिसरी मोजणी जास्त बोचरी. विरोधकाला एक तरी धड वाक्य मिळालंय का? 'सामना'मधला साखरसम्राट हिंदूराव आठवावा. लेखणी तेंडुलकरांची, नट निळू फुले, दिग्दर्शक जब्बार पटेल, साल 1975. हा माणूस दुष्ट आहे, पण त्याला अक्कल आहे, आदब आहे, आणि समोरचा मास्तर दारूत बुडालेला. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा मास्तरचा प्रश्न टोचतो तो त्यामुळेच. हिंदूराव नुसताच मिशा पिळणारा पाटील असता तर प्रश्न पहिल्या रिळात संपला असता.

चौथी, आडनावं बदलून बघणं. महाराष्ट्रात हे झेंड्याचा रंग बदलण्यापेक्षा सोपं आणि जास्त गुणकारी. तोच सावकार, तोच मास्तर, तोच पुढारी, फक्त आडनाव दुसरं लावायचं आणि प्रसंग मनात पुन्हा चालवायचा. हसू आलं होतं तिथे राग आला, तर आक्षेप कशाला होता ते उघड झालं. शांतारामबापूंनी 1941 सालीच ही गंमत नटांवर करून पाहिली. 'शेजारी'च्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, हिंदू म्हातारा केला मझहर खान यांनी आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदारांनी.

मोजणीतही एक खड्डा आहे, शेवटाचा. 'दीवार' आला जानेवारी 1975 मध्ये, आणीबाणीच्या पाच महिने आधी. बाप कामगार पुढारी, मालकाने त्याला बायकामुलांच्या जिवावर वाकवलेला, पोराच्या हातावर 'मेरा बाप चोर है' गोंदलेलं. एका गोटाला हा कष्टकऱ्याच्या संतापाचा चित्रपट वाटतो. दुसरा गोट म्हणतो, कसला संताप, गुन्हेगार भाऊ विजय आईच्या मांडीवर मरतो, पोलीस भावाला पदक मिळतं, कायदा जिंकला. दोघंही खरं तेच सांगतात, फक्त वेगवेगळी मिनिटं मोजतात. शेवटाची दहा मिनिटं नीतीला आणि आधीचे दोन-अडीच तास विजयला, ही वाटणी हिंदी सिनेमात फार चालते. थिएटरातून बाहेर पडताना पोरं चाल कोणाची उचलतात, ते बघावं. पदकवाल्याची तर नक्कीच नव्हे.

'सत्य घटनांवर आधारित' या पाटीबद्दल दोन शब्द. ती पाटी मोठी असते आणि तिच्या आधीची बारीक अक्षरातली सूचना लांबलचक. मोबाइलवर किंवा टीव्हीवर बघत असाल तर थांबवून वाचावी, कारण खरा करारनामा तिथे असतो: पात्रं एकत्र केली आहेत, काळ मागेपुढे केला आहे, संवाद कल्पित आहेत, कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही. ऐतिहासिक चित्रपटात तर ही सूचना इतकी ऐसपैस असते की तिच्यावरच मध्यंतर घ्यावं. वर जाहिरातीत 'खरा इतिहास', खाली सूचनेत 'इतिहासाचा दावा नाही'. आपल्या बाजूचा प्रेक्षक वरचं वाचतो, विरुद्ध बाजूचा खालचं. प्रमाणपत्रही असंच न वाचता जातं. काटछाट झालेल्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण काढायची पद्धत राहिली आहे. तो दिसला तर समजावं की आपल्या आधी कोणीतरी आपला चष्मा लावून हे बघून गेलंय.

आता जवळच्या अंतराचं, म्हणजे खरी परीक्षा. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' ज्यांना आवडतो ते बहुतेक शाहिराच्या बाजूचे असतात. गटारसफाई कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं जबाबदार धरायचं, हा खटलाच तसा आहे. तरीही कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर उभा राहतो, कोणाचा राग करायचा ते सांगत नाही. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीत घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय पोराला घराबाहेर काढतात आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. तिथे सुजाण प्रेक्षक त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना हसतो. त्याच चित्रपटात आरोपीचा वकील, आपला माणूस, दुकानातून वाइन आणि चीज घेऊन घरी जातो, त्याला कोणी हसत नाही. दोघांनाही दिग्दर्शकाने सारख्याच अंतरावरून दाखवलंय, मोजून घ्यावं. पुढे सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. पुष्कळांना चित्रपट इथे संपायला हवा होता, कारण इथे व्यवस्था दोषी ठरते आणि आपण सुटतो. त्यानंतर येते न्यायाधीशांची सहल, आणि बाकावर डुलकी घेणारा एक साधा, कुटुंबवत्सल, गल्लीत भेटेल असा गृहस्थ. तो व्यवस्थेहून जास्त ओळखीचा निघतो, म्हणून तो भाग 'उगाच वाटला'.

'फँड्री'त गावाबाहेर राहणारा शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुक्कर पकडत असतो. ते हातातोंडाशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत माहीत नसतं. यावर एक बाजू म्हणते, ही चेष्टा झाली. दुसरी म्हणते, गावाबाहेर ठेवलेली माणसंच सर्वांत ताठ उभी आहेत ते बघा. दुसरी बाजू इथे बरोबर बघते असं माझं मत आहे. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबांची चित्रं सरकत जातात, तेव्हा हीच दुसरी बाजू हळहळते. त्याच तसबिरी आपल्याही भिंतीवर आहेत, आणि भिंतीखालून रोज कोण काय उचलून नेतं, इथवर बहुतेकांची नजर पोचत नाही. अंतर फार कमी पडतं.

मग जब्या दगड उचलतो आणि कॅमेऱ्याकडे भिरकावतो. पडदा काळा होतो. थिएटरात बघत असाल तर दिवे लागायच्या आतल्या तीन-चार सेकंदांत टाळ्या नेमक्या कुठल्या रांगेतून येतात, त्याकडे कान ठेवावा.