ओल्गीचा गरुडमहोत्सव: जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मंगोलियाच्या पश्चिम टोकाला बायान-ओल्गी प्रांत आहे. वस्ती बहुतांशी कझाक. सोनेरी गरुड घेऊन घोड्यावरून शिकार करणारे हे लोक. मंगोलियातली शिकारी पक्षी पाळण्याची ही परंपरा २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओल्गी शहराजवळ भरणारा महोत्सव पाहायला मी गेलो होतो.

मैदानात शिकारी येतात ते कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या आणि चांदीनं मढवलेले पट्टे घालून. स्पर्धेत पोशाखालाही गुण असतात. पण नजर खिळते ती 'शिर्गा'वर. शिकारी दोरीला बांधलेलं कोल्ह्याचं कातडं घोड्यामागून फरफटवत दौडतो, टेकडीवरचा मदतनीस गरुडाच्या डोळ्यांवरची कातडी टोपी काढतो आणि पक्षी थेट त्या कातड्यावर झेपावतो. काही गरुड मात्र गर्दी पाहून भलतीकडेच उडून जातात. मालक हाका मारत मागे धावतो आणि कोणी त्याला हसत नाही, कारण हा पक्षी हुकमाचा ताबेदार नसतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. भूक, सवय आणि रोज त्याच हातून मिळणारं मांस, यांवर सगळं चालतं.

शिकारीसाठी मादीच पाळतात, कारण ती नरापेक्षा मोठी आणि जोरकस असते. वजन पाच-सहा किलो. एवढा भार उजव्या हातावर घेऊन दिवसभर घोडा चालवणं अवघड, म्हणून खोगिराला टेकवलेल्या दुबेळक्याच्या लाकडावर हात ठेवतात. त्याला 'बालदाक' म्हणतात. काही वर्षं शिकार केली की तिला परत डोंगरात सोडून देण्याची रीत आहे. मला या परंपरेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

महोत्सवापुरतंच जाऊन परतू नका, एखाद्या शिकाऱ्याच्या घरी मुक्काम करा. खरी शिकार हिवाळ्यात, बर्फावरच्या कोल्ह्याच्या मागावर होते. गरुड हातावर घ्यायचा असेल तर मालक शेजारी हवा आणि पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपी हवी. जाड हातमोजा घाला, पक्ष्याच्या पायांतले चामडी पट्टे बोटांत पक्के धरा, कोपर अंगाला टेकवा आणि मूठ कोपरापेक्षा थोडी वर ठेवा. पक्षी चढाकडे सरकतो, कोपर वर गेलं तर तो तुमच्या खांद्याकडे येईल. डोक्यावरून हात फिरवू नका. टोपी काढलेल्या गरुडाजवळ लहान मुलं नेऊ नका आणि अंगावर फरचे कपडे नकोत.

राजधानी उलानबातरहून विमानानं जा. रस्ता दीड हजार किलोमीटरहून लांब आणि हाडं खिळखिळी करणारा आहे. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा कमी असते, तरी गरम कपड्यांत काटकसर करू नका, रात्री पारा शून्याखाली जातो. गावाबाहेर पडण्याआधी तुगरिक, म्हणजे तिथलं चलन, रोखीत काढून ठेवा. पिसं किंवा नख्या कोणी आठवण म्हणून देऊ केल्या तर घेऊ नका, सोनेरी गरुडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.