हवा पूर्ण, ब्रेक अपुरा

पारोळ्याचे माझे थोरले काका, ज्यांना सारे घर नाना म्हणते, अनेक वर्षे ट्रक चालवीत होते. गाडी काढण्यापूर्वी क्लीनरला त्यांचा एकच प्रश्न असे, "हवा शे ना रे?" हवेच्या दाबाचा काटा वर दिसला की गाडी निघे. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात, ट्रेलर ओढायला लागलो तेव्हा माझीही अक्कल तेवढीच होती.

येथे एअर ब्रेकच्या, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर ब्रेक लागणाऱ्या गाडीसाठी परवान्यावर ‘झेड’ हा वेगळा शेरा लागतो, आणि तो मिळवताना पहिली समजूत मोडली ती पार्किंग ब्रेकविषयीची. तो हवेने लागत नाही, तर जाड स्प्रिंगने लागतो. हवा फक्त त्या स्प्रिंगला दाबून ठेवते, आणि दाब 20 ते 45 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड जोर) उतरला की स्प्रिंग सुटून चाके जागीच आवळते. बाकी तपासण्या एकदा हात बसला की पटकन उरकतात: दाब कमी झाल्याचा इशारा वेळेवर वाजतो का, ब्रेक दाबून धरल्यावर ट्रेलरसह गाडीची हवा मिनिटाला 4 पीएसआयपेक्षा अधिक गळत नाही ना. टाकीतले पाणी मात्र रोज सोडावेच लागते, कारण उणे 20 अंशांत ते व्हॉल्व्हमध्ये गोठते. खान्देशच्या उन्हात ते गोठणार नाही, पण टाकी गंजवते आणि हवेची जागा खाते, हे नानांच्या गाडीला कोणी सांगितले नव्हते.

खरी तपासणी गाडीखाली होते. चाकांना ठोकळे लावायचे, पार्किंग ब्रेक सोडायचा, दाब 90 ते 100 पीएसआय, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत साधारण सात किलो, ठेवून इंजिन बंद करायचे. मग ज्याला आपण बूस्टर म्हणतो, त्या चाकाजवळच्या, हवेच्या जोराने दांडा पुढे ढकलणाऱ्या डब्यातून निघणाऱ्या दांड्यावर अगदी तोंडाशी खडूने रेघ ओढायची, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि रेघ किती बाहेर सरकली ते मोजायचे. मी एकटाच असल्याने सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक दांडी अडकवतो. पहाटे पाच वाजता बर्फावर पाठ टेकून टॉर्च दातात धरल्यावर खडूची ती रेघ फार स्पष्ट दिसते.

आमच्या गाडीवरच्या 30 क्रमांकाच्या साध्या बूस्टरला 2 इंचांची मर्यादा आहे. गेल्या जानेवारीत ट्रेलरच्या डाव्या चाकाची रेघ सव्वादोन इंच सरकली. काटा पूर्ण होता, पेडलही नेहमीसारखेच लागत होते, आणि घात तेथेच आहे. हायड्रॉलिक ब्रेक ढिला झाला तर पाय खोल जातो. हवेचा ब्रेक पायाला काहीच सांगत नाही. त्या बूस्टरच्या पडद्याचे क्षेत्रफळ 30 चौरस इंच, म्हणजे 100 पीएसआयला 3000 पौंडांचा जोर. पण दांडा अडीच इंचांवर तळाला टेकला की ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या लायनरपर्यंत त्यातले काहीच पोचत नाही. मी पाना घेऊन स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे दांड्याची ढिलाई काढणारा भाग, आवळायला निघालो, तेव्हा मेकॅनिकने हात धरला. ॲडजस्टर आपोआप आवळणारा आहे, तो आवळत नसेल तर दोष दुसरीकडे आहे आणि पाना फिरवून मी तो केवळ झाकणार, असे त्याचे म्हणणे होते. लायनर ड्रमवर दाबणाऱ्या कॅमशाफ्टचे बुश झिजलेले निघाले.

हे नानांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, कन्नडचा घाट उतरताना वर धरणारा ब्रेक खाली चाळीसगावकडे येईपर्यंत का सुटायचा? मी म्हटले, ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि दांड्याला आणखी पुढे यावे लागते. थंड गाडीत मर्यादेवर असलेला दांडा घाटात तळाला टेकतो. त्यांनी मात्र इतकी वर्षे दोष हवेलाच दिला होता.

आता नानांची तीच गाडी चुलतभाऊ चालवतो. त्याने परवा खडूच्या रेघेचा फोटो पाठवून विचारले, "दादा, दोन इंचांच्या आत आहे, चालेल ना?" त्याला कळवले की माझे दोन इंच तुझ्या गाडीला लावू नकोस, आधी बूस्टर पुसून त्यावर कोरलेला आकडा वाच आणि मला पाठव. तेथे ग्रीसचा थर इतका आहे की आकडा अजून दिसलेला नाही.