जुन्नरच्या ‘सोप्या’ वाटा : कोणत्या चालाव्यात आणि कोणती टाळावी

जुन्नर शहर आणि त्याच्या भोवतीची लेणी पायी पाहण्याच्या इराद्याने निघणाऱ्यांना सर्वांत महत्त्वाचे ते आधीच सांगतो. मानमोडीच्या डोंगरावर भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट आहेत. हे तिन्ही गट ‘एकाच सपाट वाटेने, रमतगमत, दोन तासांत’ होतात असे आम्हांला मुक्कामाच्या लॉजवर सांगण्यात आले. इतकेच नव्हे, तर तिथल्या भिंतीवर लावलेल्या हाताने काढलेल्या नकाशात ती वाट ठळक तुटक रेषेने दाखवलेलीही होती. ती वाट सोपी नाही, सपाट तर मुळीच नाही, आणि मधल्या मोठ्या टप्प्यात तिला वाट म्हणणेही धाडसाचे आहे. ज्येष्ठ माणसे, लहान मुले आणि उंचीला बिचकणारे यांनी ती अजिबात घेऊ नये. बाकीच्यांनीही ती घ्यावी असे तिच्यात काही नाही.

हे वाचणाऱ्याला रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याची सवय आहे, पायांत पकड असलेले बूट आहेत आणि पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन त्याला चढता येते, असे मी गृहीत धरले आहे. पुण्याहून नारायणगावमार्गे एसटीने येणे सोयीचे आहे. मुंबईकडून येणाऱ्यांना कल्याण आणि माळशेज घाट हा रस्ता बरा पडतो. आम्ही दिवाळीनंतर गेलो. त्या दिवसांत हवा उत्तम असते, परंतु डोंगरउतारांवरचे गवत कमरेएवढे वाढून वाळलेले असते, आणि वाळलेले गवत बुटाखाली आडवे झाले की तेलकट फरशीसारखे निसटते.

मानमोडी शहराच्या दक्षिणेला, चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पायथ्यापासून पहिल्या गटापर्यंतचा चढ साधा आहे, त्यामुळे आमच्याबरोबर असलेले सत्तरीला टेकलेले मामासुद्धा तो विनातक्रार चढले. खरी अडचण पहिल्या गटाच्या पुढे सुरू झाली. लेण्यांच्या पातळीवरून कड्याला बिलगून पुढच्या गटाकडे आडवे जायचे, असे नकाशा सांगत होता. सुरुवातीची शंभरेक पावले पायवाट स्पष्ट होती, मग ती गवतात शिरली आणि तिथेच संपली. त्यानंतर जे उरले ते गुरांनी पाडलेल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या अरुंद रेघांचे जाळे होते. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला मुरमाड उतार, आणि त्या उताराला हात घालावा असे झुडूपही नाही, अशा जागी आम्ही पोहोचलो तेव्हा पायाखालचा घसारा प्रत्येक पावलाला वीतभर खाली सरकत होता. काठी टेकवली तर काठीच मुरमात रुतून निसटायची. मामांनी बसून सरकायला सुरुवात केली, आणि त्यांच्यापुढे असलेल्या माझ्या भाचीला पुढे जाता येईना की मागे वळता येईना.

तेवढ्यात खालून एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याने हाक दिली, ‘‘ओ पाव्हणं, तिकडं कुठं निघालात? वाट न्हाई तिकडं! वर मोहळ हाय, गप मागं फिरा!’’ वर पाहिले तर कड्याच्या पोटाला आग्या मोहोळांचे काळे पडदे लोंबत होते, एक-दोन नव्हे, ओळीने. मानमोडीच्या लेण्यांवर मोहोळे असतात ही जुन्नरकरांना जुनी आणि पक्की ठाऊक असलेली गोष्ट आहे. आम्हांला वाट सुचवणाऱ्याने तिचा एका शब्दानेही उल्लेख केला नव्हता, आणि अशा माहितीला मी अपुरी न म्हणता बेजबाबदार म्हणतो. त्या निसरड्या उतारावर माश्या उठल्या असत्या तर पळायला जागाच नव्हती. म्हातारबाबांनी खालूनच पाऊल कुठे टाकायचे ते ओरडून सांगत आम्हांला उतरवले, आणि पायथ्याशी त्यांना चहाचे पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत.

मानमोडी पाहूच नये असे मात्र नाही. तिन्ही गट खालून स्वतंत्रपणे चढावेत, प्रत्येक गट झाल्यावर पुन्हा पायथ्याला उतरावे आणि पुढच्या गटाखाली येऊन नव्याने चढावे. अंतर वाढते, घाम दुप्पट येतो, परंतु वाट मळलेली असते. पायथ्याच्या वस्तीतील कुणीतरी माणूस सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे आधी ठरवावेत. सकाळी लवकर जावे, अत्तर लावू नये, लेण्यांत विडी-सिगारेट किंवा उदबत्ती पेटवू नये, मुलांना आरडाओरड करू देऊ नये आणि ड्रोन तर बाहेरच काढू नये. माश्या फार घोंघावताना दिसल्या तर पैसे गेले तरी चालतील, परत फिरावे.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर तिथल्या दगडावरच आहे. भीमाशंकर गटात महाक्षत्रप (क्षत्रप घराण्याचा राजा) नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे; त्याने त्या काळच्या गणनेतील वर्ष ४६ मध्ये पाण्याची पोढी, म्हणजे टाके, आणि मंडप दान दिल्याचे त्यात नोंदले आहे. अंबा-अंबिका गटातील अर्धवट राहिलेल्या चैत्याच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर अनेक लेख एकापुढे एक कोरलेले आहेत, आणि पुढे तिथे जैनांनी वस्ती केल्यामुळे अंबिकेची मूर्तीही आहे. भूतलिंग गटातील चैत्याची कमान तिन्हींत देखणी. कमळाच्या पाकळ्यांत हत्तींसह लक्ष्मी आणि जवळच चंद नावाच्या यवनाने (ग्रीकाने) दिलेल्या दानाचा लेख, हे पाहिल्यावर मला गुडघ्याचे खरचटणे काही काळ आठवले नाही. वेळ एकाच गटापुरता असेल तर भूतलिंग निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्नरला येणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावण्याची परंपरा जुनी दिसते. सतराव्या शतकात इथल्या मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघालेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर येताना वाट चुकून भलत्याच अवघड घाटाने वर आला आणि परतताना नाणेघाटाने उतरल्यावर सोपी वाट कोणती होती ते त्याला कळले. त्याच्या हाती निदान नकाशा तरी नव्हता.

दुसरी नाराजी लेण्याद्रीच्या रस्त्याची. शहरापासून लेण्याद्री पाचेक किलोमीटर आहे आणि ‘नदी ओलांडून शेतांमधून सुंदर पायी रस्ता’ असे त्याचे वर्णन आम्हांला ऐकवण्यात आले होते. अष्टविनायकाच्या गाड्या ज्या रस्त्याने धावतात त्याच रस्त्याच्या कडेने तोंडावर रुमाल बांधून चालणे याला ज्यांना सुंदर म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. तिथे चालत जाऊ नये, असे मी सांगेन. रिक्षाने जायचे असेल तर ‘सीटवर’ की ‘स्पेशल’ हे बसण्यापूर्वी मोठ्याने विचारून घ्यावे. आम्हांला सीटचा भाव सांगून बसवले, वाटेत दुसरा कुणी प्रवासी भेटला नाही म्हणून उतरताना तीच फेरी स्पेशल झाली, आणि परतीसाठी थांबण्याचे पैसे त्यावर वेगळे लावले गेले. एकूण रक्कम सुरुवातीला सांगितलेल्या भाड्याच्या तिपटीहून अधिक झाली. एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर जाण्याचे, थांबण्याचे आणि येण्याचे मिळून एकच आकडा ठरवून घ्यावा. संकष्टी आणि अंगारकीला तिकडे फिरकूच नये.

वर चढायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बांधीव आणि रुंद आहेत, परंतु आदल्या दिवशीच्या मानमोडीनंतर त्या मला हजारभर वाटल्या, तेव्हा हे दोन डोंगर लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत. पुरातत्त्व खात्याचे तिकीट घ्यावे लागते. माकडे धीट आहेत. प्रसादाची पिशवी हातात धरून चढणे म्हणजे ती त्यांना देण्यासारखेच आहे. इथे एकूण तीस लेणी आहेत. बहुतेक लोक सातव्या लेण्यातील गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन उतरतात आणि शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्याकडे पाहतही नाहीत. त्या चैत्यावर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याच्या दानाचा लेख आहे, आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात ते तिथे.

शिवनेरीबद्दल मला हात आखडता घेऊन लिहिता येणार नाही. सात दरवाज्यांची वाट खरोखर सोपी आहे, उत्तम राखलेली आहे, आणि एकेक दरवाजा मागे टाकत वर जाताना थकवा जाणवेनासा होतो. मामा तर आमच्या पुढे होते. पाचवा दरवाजा ओलांडल्यावर मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाईदेवीच्या मंदिराकडे जरूर वळावे. मंदिरामागच्या कड्यातही लेणी आहेत. वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, १६३० मध्ये महाराजांचा जन्म झाला ती वास्तू आणि बदामी तलाव असा क्रम लावला की शेवटी कडेलोट टोकावर पोहोचता येते. युनेस्कोने २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत शिवनेरी आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी होणार हे धरूनच चालावे. शक्य असल्यास सकाळी लवकर पहिला दरवाजा गाठावा. शिवजयंतीच्या दिवसांत फिरण्याच्या हेतूने जाऊ नये, दर्शनाच्या हेतूने जावे.

गडाच्या दुसऱ्या अंगाने साखळीची वाट आहे, आणि ती ‘जवळची’ म्हणून सुचवली जाते. शहरातल्या शिवपुतळ्यापासून डावीकडे निघून पुढे पायवाटेने कातळभिंतीपर्यंत जायचे आणि मग कोरलेल्या पावठ्या व साखळी यांच्या आधाराने चढायचे, असा तो मार्ग आहे. वेळ कमी लागतो हे खरे, परंतु पावठ्यांवर पाय डळमळला तर साखळीवर सगळे वजन घेण्याची ताकद हातात हवी. ज्यांनी याआधी अशी एखादी वाट केली आहे त्यांनी कोरड्या हवेत ती चढावी, आणि तीही चढण्यासाठीच. उतरताना दरवाज्यांचीच वाट धरावी. भटकंतीच्या कार्यक्रमात तिला ‘सोपी’ या सदरात घालणाऱ्याने ती स्वतः चढून पाहावी.

पाडळीजवळची तुळजा लेणी चांगली आहेत. चालायला निवांत, चढ थोडा, आणि बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळ मधल्या स्तूपाभोवती फिरवलेला गोल चैत्य पाहण्यासारखा आहे. त्या दिवसाबद्दल तक्रार करण्याजोगे काही घडले नाही. शहरातल्या पेठांचा फेरफटकाही तसाच सुखाचा: जुने वाडे, पंचलिंगाचे मंदिर, आणि वेळ असेल तर हापूसबागेकडचा सौदागर घुमट. मलिक अंबरने १६०७ मध्ये निजामशाहीची राजधानी इथे आणली होती आणि एके काळी इथला हातकागद नावाजलेला होता, एवढे लक्षात ठेवले तरी गल्ल्यांना अर्थ येतो. रात्री मासवडी खावी. ती मागणीनुसार करतात, तेव्हा सकाळीच सांगून ठेवावे.

शेवटची सूचना सर्व वाटांसाठी आहे. जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांमध्ये बिबटे वावरतात, आणि माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. दिवसाउजेडी शहर आणि लेणी यांच्यामध्ये चालण्यात भ्यावे असे काही नाही, परंतु सूर्यास्तापूर्वी डांबरी रस्त्यावर परत आलेले असावे, उसामधल्या आडवाटेने जवळ पडते म्हणून संध्याकाळी शिरू नये, मुलांना मागे-पुढे सोडू नये आणि एकट्याने निघणे टाळावे. डोंगरावर पिण्यालायक पाण्याचा भरवसा नाही, कोरीव टाक्यांमधले पाणी पाहण्यापुरते ठेवावे. परतीच्या गाडीची वेळ लॉजवर न विचारता बसस्थानकाच्या खिडकीवर विचारावी, आणि तीही आदल्या दिवशी.